जहाजावरून उघडलेलं दार

तैवानमधल्या किलुंग बंदराजवळच्या इंटरनेटच्या दुकानात शिउचू म्हातारी नंबराची चिठ्ठी घेऊन बसली होती. काउंटरवरच्या माणसाशी एक सासू-सून बोलत होत्या. म्हातारीनं कान तिकडे लावले होते आणि त्याची तिला लाज नव्हती.

"बाहेरून घरात यायचं ते इंटरनेटचं दार बंद करा. जहाजावरून घरचा कॅमेरा दिसावा म्हणून नवऱ्यानं उघडलं होतं," सून म्हणाली.

"पोर्ट फॉरवर्डिंग ना, ताई?"

"तेच."

"बंद कशाला गं? पोरगा बघणार कुठून?"

"आई, त्यांचं जहाज बुडून तीन महिने झाले."

"बाहेरच्या आत्म्यांना दारातच अडवतात ना ते द्वारदेव, त्यांना मी उदबत्ती लावून सांगितलंय, त्याला अडवू नका म्हणून."

"आजी, राउटरचंही तसंच. बाहेरून कोण आलं की कुठं सोडायचं, ते आधी सांगावं लागतं."

"ऐकलंस? आणि कॅमेरा रोज जेवणाच्या वेळी टेबलाकडे वळतोच की!"

"म्हणूनच! कुणीतरी चोर घुसतोय बाहेरून."

"थांबा, बघतो. ताई, हे दार बंदच आहे. मागच्या महिन्यात राउटर बदलला, त्यात ते कुणी उघडलंच नाही."

"मग काल कॅमेरा वळला कसा?"

"बाहेरून नाही वळणार. घरातच बसून कुणी फिरवला, तर या दाराची गरजच नाही."

"घरात आम्ही दोघीच असतो."

शेजारच्या काउंटरवर शिउचूचा नंबर पुकारला गेला, ती उठली नाही.

"चल, श्यूयिन," सासू म्हणाली. "पोराला चोर म्हणत होतीस. एवढ्या लांबून तो घरी पोचला, आणि आपण अजून दोनच वाट्या भात वाढतोय."