बावीस काठ्या

जबाब देणार: वय ६६ वर्षे, धंदा शिवणवर्गाची शिक्षिका, आता निवृत्त. राहणार घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर, दुसरा मजला. नाव वरच्या रकान्यात एकदा लिहून घेतले आहे.

आज दुपारी सव्वादोन वाजता आपण होऊन ठाण्यात येऊन सांगते की, माझे पती, वय ७१, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या कामावरून निवृत्त, हे राखीव रानातून घरी परतलेले नाहीत. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला आहे. खाली बसले की आधाराशिवाय उठता येत नाही.

आमच्या ज्येष्ठ मंडळाने वसंत लागतोय म्हणून रानात फेरी ठरवली होती. म्हणे, थंडी सरली, रान जागं होतंय, चला बघायला. सकाळी आठला आम्ही बावीस जण गाडीतून रानाच्या फाटकाशी उतरलो. रान कसले जागे होते डोंबलाचे! झाडे ओकीबोकी, वाट चिखलाची, तळ्यावर धुके. मी चार कोंब आणि एक बदक पाहिले. बदक आमच्या बागेतल्या हौदातही आहे.

फेरीचे पुढारी म्हणजे पक्षीमास्तर. गळ्यात दुर्बीण, तोंडात शिट्टी. पक्षी दिसला की त्यावर पाव तास बोलतात, तोवर पक्षी कंटाळून उडून जातो. त्यांची पद्धत अशी की, फाटकाजवळच्या भोकांच्या फळीतून प्रत्येकाला नंबर घातलेली काठी द्यायची, परतल्यावर ती फळीत खोचायची, आणि मग काठ्या मोजायच्या. माणसे मोजत नाहीत. मी सकाळीच विचारले होते. म्हणाले, "ताई, माणसं मोजताना हलतात. काठ्या गप्प उभ्या राहतात." अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

आमचे हे सगळ्यांच्या मागे होते. आयुष्यभर बारीक खिळे जुळवले, त्यामुळे बारीक काही दिसले की वाकून बघायची खोड. खिशात भिंग असतेच. कोंब दिसला, थांबले. शेवाळ दिसले, थांबले. साडेदहाच्या सुमारास तळ्यावरचा लाकडी पूल ओलांडल्यावर एक कुजका ओंडका लागला, तिथे तर खालीच बसले. ओंडक्याला टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुले आली होती म्हणे. मला म्हणाले, "अगं, ये, बघ तरी." मी म्हणाले, "तुम्हीच बघा, अगदी पोटभर बघा." आणि पुढे निघून आले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेले नाही.

फाटकाशी चहा होता. अर्धा तास गेला. साडेअकराला मास्तरांनी काठ्या मोजल्या. बावीस. शिट्टी वाजली, गाडी सुटली. सकाळपासून आमची धुसफुस चालली होती, म्हणून हे रुसून मागच्या बाकावर पत्तेवाल्यांत बसले असतील असे मी धरून चालले. मान वळवून पाहिले नाही. घरी पोचल्यावर जिन्यात उभी राहिले, कारण किल्ली ह्यांच्याकडे असते. कोणी वर आले नाही.

मास्तरांना फोन केला. ते जेवत होते. म्हणाले, "ताई, बावीस गेल्या, बावीस आल्या. माझी मोजणी चुकत नाही. घरातच बघा कुठंतरी." घर दोन खोल्यांचे, त्याला बाहेरून कुलूप. मी तसे सांगितले. आणखीही बरेच सांगितले, ते इथे लिहू नये. पाचला रानाचे फाटक बंद करतात, आणि ऊन उतरले की अजून दात वाजतात. ह्यांच्या अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आहे, मीच विणलेला. मला भीती वाटते आहे.

या सगळ्याला पक्षीमास्तर जबाबदार आहेत. काठीला काय कळते, माणूस आला की नाही ते?

अंमलदारांनी विचारले की, मग ह्यांची काठी फळीत परत कशी आली? मी म्हणाले, ते मास्तरांना विचारा.

येथवरचे लिखाण मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच उतरले आहे. फक्त माझे शेवटचे उत्तर खोडावे आणि त्याजागी पुढचे लिहावे.

ओंडक्यापाशी बसताना ह्यांनी "जरा धर" म्हणून आपली काठी माझ्या हातात दिली होती. ती घेऊनच मी तणतणत निघाले. मागून "अगं, काठी!" अशी हाक आली. मला ती नीट ऐकू आली. येतील लंगडत, तेवढीच खोड जिरेल, असे मनात म्हणाले आणि वळले नाही. फळीत दोन काठ्या मीच खोचल्या. मास्तरांची मोजणी माझ्यामुळे बरोबर आली.

एवढ्या दुरुस्तीसह जबाब खरा आहे. शोधायला जाणाऱ्यांनी फळीतली चौदा नंबरची काठी बरोबर न्यावी. ह्यांना उठायला लागेल.