रक्तातला ऑटो

हॉस्पिटलच्या बाकावर शबनम आपला रिपोर्ट पर्समध्ये दुमडून ठेवून नंबराची वाट पाहत होती. कोपरगावकडचे रंगनाथ आणि त्याची बायको राहीबाई डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊन शेजारी टेकले, आणि दोघांना हसू काही आवरेना.

"आता नीट सांगा, तुमच्या रक्ताला झालं काय हुतं?" राहीबाईनं विचारलं.

"पेशीत एक एन्झाइम असतं. त्यानं चालू व्हायचं, पेशींना वाढा म्हनायचं, अन् काम झालं की बंद पडायचं. माझं बंदच हुईना."

"आपल्या विहिरीवरल्या मोटारीसारखं?"

"तसंच. मोटारीला ऑटो स्विच लावून आपन लग्नाला गेल्तो, आठवतंय?"

"तुमी लावला हुता. लाईट आली, मोटार आपोआप चालू झाली, अन् माझ्या कांद्यात बदकं पोहायला लागली."

"आता ही गोळी त्या एन्झाइमच्या खोबणीत जाऊन बसती. त्याला करंटच मिळत न्हाई."

"मंग आता गोळी बंद?"

"न्हाई गं, रोज घ्यायची. रिपोर्ट चांगला आला तो तिच्यामुळंच."

"बरं, हा पेढा घ्या."

"रिपोर्टाआधीच आनले? अन् वाईट आला असता तर?"

"तर तुमाला एकबी दिला नसता."

दोघं पुन्हा हसत सुटली. तेवढ्यात शबनमच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली, आणि दोन पावलांवर थांबली.

"काका, त्या गोळीनं मळमळतं का हो?"

राहीबाईनं पेढ्यांचा पुडा तिच्यापुढं केला.

"भरल्या पोटी घेतली की तेवढं न्हाई मळमळत. आधी ह्यो खा, पोरी."