बियाण्याला ठेवलेला नवलकोल

नाही नाही, आधी बाहेरचं दार लावा भाऊ, मग आतलं उघडा — दोन्ही एकदम उघडली की मावा आत शिरतो. एवढासा किडा, पण रोगट पानावर तोंड मारून चांगल्यावर बसला की रोग तिकडे. हा नियम धाकटीचा, माझ्या बहिणीचा. वीस वर्षं आम्ही दोघींनी ही रोपवाटिका चालवली, आणि गेल्या महिन्यात तिने काय केलं माहितीये? — नसणार, तुम्ही लांबून आलात — एकेका गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, ताईकडची कोबीची रोपं घेऊ नका. सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला हो. परकी असती तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

आता म्हणाल, आधी तुम्हाला बोलली नाही का? बोलली. तीनदा बोलली. तो कोपऱ्यातला नवलकोल दिसतोय ना, फुलावर आलेला — तो उपट म्हणाली, पानं कुठे फिकी कुठे गडद झालीत, विषाणू आहे, याला औषध नाही. मी कशी उपटणार? आईने जाताना माझ्या मुठीत ठेवलेलं शेवटचं बी ते. म्हटलं, शेंगा वाळू देत, मग बघू. तिची नव्हती का ती आई? पण धाकटीचं काळीजच दगडाचं.

हो, हीच ती कोबीची रोपं. तजेलदार आहेत ना? — असणारच, रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी मी डागाळलेली पानं नखाने खुडून — म्हणजे, पिकलं पान कोणीही खुडतंच की. त्यात काय एवढं. धाकटीने एकदा मला खुडताना पाहिलं, आणि त्याच दिवशी आपला डबा उचलून गेली. भांडली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, "ताई, त्यांच्या रानात गड्डाच धरणार नाही." जाताना दोन्ही दारं नीट लावून गेली, रोजच्यासारखी.

तुमचं रान केवढं आहे? — सगळ्यात कोबीच लावणार?

तो ट्रे खाली ठेवा. ठेवा म्हणते ना. ओढ्यापलीकडे अशीच पांढऱ्या जाळीची रोपवाटिका दिसेल, धाकटीने आता वेगळी काढलीय, तिथून घ्या. मी पाठवलं म्हणून सांगू नका. आणि असे बघत उभे राहू नका माझ्याकडे — जा. आतलं दार लावल्याशिवाय बाहेरचं उघडू नका.