मंत्र्यांचा नियम आणि बाईंचा घसा

घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत होतो. शेजारी बसलेल्या बाई पलीकडच्या गृहस्थांना म्हणाल्या,

"तुम्ही संसदेच्या समितीत कागद वाटत होतात ना? विमानांच्या आवाजाच्या नियमावर सुनावणी होती तेव्हा?"

"हो, मी तिथला कारकून. आणि तुम्ही विमानतळाजवळच्या शाळेच्या बाई!"

"तुमच्या समितीचे आभार मानायचे राहूनच गेले. मंत्र्यांनी भर शाळेच्या वेळेत आमच्या छपरावरून विमानं न्यायची मुभा दिली, तेव्हा वाटलं, आता आपलं कोण ऐकतंय?"

"मंत्र्यांचे नियम तपासणं हेच समितीचं काम, बाई. आधी रहिवाशांना विचारा, असं कायद्यातच आहे. त्यांनी विचारलंच नव्हतं. म्हणून नियम मागे घ्यावा लागला."

"पण आमचा अर्ज एवढ्या गठ्ठ्यातून वर कुणी काढला?"

"मीच. मुलांची पत्रं जोडली होती ना त्याला. एका मुलीनं लिहिलं होतं, 'आमच्या बाई दिवसभर ओरडतात, पण त्या रागावलेल्या नसतात.' निर्णयाच्या बैठकीत अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं."

"अगं बाई! हे मला कुणी सांगितलंच नाही."

"घसा कसा आहे आता?"

"सुधारतोय. वर्गात हळू बोलते हो मी आता. शेवटच्या बाकावरच्या पोरीलाही ऐकू जातं."