डोळे सरूच काढेल

माननीय अध्यक्ष महादेवराव गुप्ते, रोह्याहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे विष्णुपंत कर्णिक, आज आपण ज्यांना निरोप देतोय त्या आमच्या डॉक्टरीणबाई पद्मजाताई दिघे, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सासूबाई आनंदीबाई, आणि पेण-रोह्याच्या माझ्या मायबाप मंडळींनो, हमरापूरच्या सरूचा तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या पदव्या सांगितल्या. मला त्या काही पाठ नाहीत. मला एवढं ठाऊक, की आपल्याकडे पोराला फिट आली की आधी कांदा शोधायचे, मग चप्पल, मग भगत. आता बाईंचा दवाखाना शोधतात. हे काय आपोआप झालं?

मलाही फिट यायच्या. बाईंच्या गोळ्यांनी त्या थांबल्या. माझे वडील हिरामण, त्यांचा गणपतीचा कारखाना. मला हौस एकच, आखणीची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायची. बाबा म्हणायचे, "बाकी सगलं रंगव, डोल्यांना हात लावू नको. मधीच फिट आली तर?" वर्षभर काही झालं नाही, तेव्हा कुठे त्यांनी हरतालिकेच्या दिवशी माझ्या हातात ब्रश दिला.

आणि नेमकी तेव्हाच मी धाडकन पडले! काळ्या रंगाची वाटी उलटली, समोरच्या मूर्तीच्या सोंडेवरून काळा ओघळ आला. गिऱ्हाइकं दारात उभी. कुणीतरी म्हणालं, "देवालाच मान्य नाय." बाबांनी ब्रश उचलून फळीवर ठेवला.

त्या गिऱ्हाइकांत बाई आणि आनंदीबाई होत्या, घरचा गणपती न्यायला आलेल्या. बाईंनी मला कुशीवर वळवलं, तोंडात चमचा घालायला धावलेल्यांना हाकललं. सगळं शांत झाल्यावर माझ्या आईला, कृष्णाबाईला विचारलं, "आज गोळी दिलीत?"

"कशी देऊ, बाई? हरतालिका हाय. पोरीनं पन उपास धरलाय, पान्याचा थेंब नाय."

बाई बोलायच्या आत आनंदीबाई कडाडल्या, "अगं, मी लग्नापासून हरतालिका धरते आणि रक्तदाबाची गोळी सकाळी पाण्याबरोबर घेते. शंकर काही रुसला नाही माझ्यावर!"

आता हसताय, पण तेव्हा कुणी हसलं नव्हतं. माझी आई तर रडतच होती.

मग बाई म्हणाल्या, "हिरामणदादा, रंग सांडला ती मूर्ती आमचीच ना? पुसून घ्या. आज सरूला झोपू दे. उद्या डोळे सरूच काढेल."

"बाई, देवाचे डोले हायत. हात हलला तर?"

"हलला तर तसाच गणपती बसवीन. पण दुसऱ्या कुणाकडून डोळे काढून घेणार नाही."

चतुर्थीच्या सकाळी मी गोळी घेतली आणि बसले. हात थरथरला, फिटनं नाही, भीतीनं. डावा डोळा अंमळ मोठाच झाला. बाबा तोंड फिरवून उभे. बाईंनी मूर्ती निरखली, म्हणाल्या, "छान बघतोय की!" आणि घेऊन गेल्या. तेव्हापासून त्यांच्या गणपतीचे डोळे मीच काढते. आज कारखानाही मीच चालवते. बाई, तो ब्रश फळीवरच राहिला असता तर? मला विचारसुद्धा करवत नाही.

अध्यक्षमहाराज, घड्याळ बघितलंत ते दिसलं मला. संपवते.

खांब गावच्या जनूची मुलगी शांती तिथे मागे बसली आहे. ती बाईंची पेशंट आणि माझ्याकडे आखणी शिकते. "माझं नाव घे गो ताई, लपवू नको," असं तिनंच मला बजावलंय. तिच्या घरचे अजून म्हणतात, डोळ्यांना हात लावू देऊ नका. बाई, तुम्ही निवृत्त होताय, पण गणपती तर तुमच्याकडे दरसाल बसणारच ना? यंदा त्याचे डोळे शांती काढणार आहे. मी फक्त शेजारी बसेन.

मला इथे उभं केल्याबद्दल आयोजकांचे मनापासून आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि बाई, यंदा पुन्हा डावा डोळा अंमळ मोठा झाला, तर तोही पदरात घ्या.

नमस्कार.