शांताकाकूची चुंभळ

हसू नका, पण हिमालयात जायची प्रॅक्टिस मी सानगडीच्या तलावाच्या पाळीवर केली. ऐंशी-एक्याऐंशी साल असन, शाळेत नवीनच मास्तरीण लागली होती मी. पिट्टूत, म्हंजे पाठीवरच्या पिशवीत, दहा किलो धान भरायचा, पट्टे खांद्यात अडकवायचे अन् रोज सकाळी चालायचं. शेजारच्या शांताकाकूले ते पाहवतच नव्हतं.

"काहून वो पोरी, बैलावानी पाठीवर लादून राहिली? डोक्यावर घे ना!"

डोक्यावर घ्यायची मले लय लाज वाटे.

तिकडं हिमालयात, ट्रेकच्या चौथ्या दिवशी, खिंडीच्या अर्ध्या चढावर पिट्टूचे दोन्ही पट्टे तुटले. आमचा लीडर म्हणाला, "बहनजी, आप यहीं से लौट जाइए."

एवढ्या दूर येऊन परत कायले जाऊ? मफलर काढला, पाण्याच्या गुंडा-घागरीसाठी करतो तशी त्याची चुंभळ केली, पिट्टू डोक्यावर ठेवला अन् चालू लागली. खिंडीवर पोचून मागं पाहिलं, तं लीडर अजून चढूनच राहिला होता.

घरी आल्याबरोबर काकूले सारं सांगितलं. वाटलं, खूश होईल. तं ती फुगूनच बसली.

"मंग मले काहून नाही नेलं? दोघींचं सामान मी एकटीनं नेलं असतं!"