फर्डिनंडच्या पॅरोलची चौकशी

फर्डिनंडची बायको मीच — बसा ना हवालदारसाहेब, खुर्चीत बसा, जाळ्यावर नको, सुई टोचेल. तोंडाचं फडकं काढलंत तरी चालेल, या घरात कोन आजारी नाय. नको? राहू द्या. सगळीकडं त्या स्वाईन फ्लूची भीती — आमच्या चर्चमधी पवित्र पानीसुद्धा ठेवत नायत आता. चौकशीला कोनतरी येईल असं वकील म्हनाले होते. — हो, अर्ज मीच केला, आजारपनाच्या पॅरोलचा. त्याला दमा हाय, पयल्यापासून, पावसात छाती नुसती वाजत राहते. आनि तिकडं बराकीत मानसं अशी दाटीनं झोपतात की एकानं कूस बदलायची तर सगळ्यांनी बदलायची. त्याच्या शेजारचा मानूस तापानं गेला. मला कसं कळलं? सुटून आलेला एक जन सांगून गेला — भेटी तर बंदच केल्यात, जाळीतनं तोंडसुद्धा दिसत नाय.

त्यानं मारलं, ते मी कुठं नाय म्हनते? जेटीवर भांडन झालं, दोघं प्यायलेले, वल्हं डोक्यात बसलं, हिलरी तिथंच गेला. त्याची शिक्षा भोगतोय ना. कोर्टानं जन्मठेप दिली, तापानं मरायची नाय दिली. — हिलरीची बायको? ती कधीच माहेरी गेली, उत्तनला. इकडं त्यांचं कोन नाय, गडबड काय होनार नाय, लिहा तसं. त्याला बघनार कोन? मी. वाफारा देईन, पेज देईन, डॉक्टर नाक्यावरच हाय. आनि तो इथं राहनारच किती — रुडॉल्फ, माझा दीर, मासेमारीची बंदी उठली की बोट घेऊन गुजरातेत जाफराबादला जातो. माझी बहीन तिथं दिलेली, मोकळी हवा, त्याला कोन ओळखत नाय. एकदा तिकडं पोचला की — नाय, परत त्या बराकीत मी त्याला कशाला धाडू, जितंजागतं मानूस —

काय लिहिताय?

साहेब, ते मी असंच बोलले. दिवसभर घरात एकटी असते, कोन ऐकायला आलं की बोलत सुटते. मुदत संपली की मी स्वतः त्याला तुरुंगाच्या दारापर्यंत सोडीन, मरियामातेची शपथ. बोटीचं खोडा. रुडॉल्फला यातलं काय ठाऊकपन नाय, मीच आपली मनात — तेवढं खोडा ना साहेब.

चहा उकळलाय. नाय घेत?

बरं. या मग. पायरीवर शेवाळ हाय, जपून उतरा.